चालू सुपरहिरो मालिकेच्या एका अंकाचं परीक्षण: कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं

सुपरहिरो कॉमिकच्या नव्या अंकावर मराठीत जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं एकाच साच्यातलं असतं. आधी पाच-सहा परिच्छेद गोष्ट सांगायची, मग 'चित्रं अप्रतिम' एवढं एक वाक्य, मग 'पुढच्या अंकाची उत्सुकता आहे' आणि शेवटी पाचपैकी चार तारे. हे वाचून अंक घ्यावा की नाही ते कळत नाही. ज्याने घेतलाय त्याला आपण वाचलेलंच पुन्हा वाचावं लागतं. दुसरी तऱ्हा याहून वाईट. अंकाचं निमित्त करून त्या नायकावर आणि त्याच्या सिनेमांवर भरभरून लिहायचं, आणि अंक बिचारा कोपऱ्यात.

यात मुळातली अडचण अशी की चालू मालिकेचा अंक म्हणजे पूर्ण गोष्ट नसते. अमेरिकी मासिक कॉमिकमध्ये आज गोष्टीची साधारण वीस पानं असतात आणि किंमत ३.९९ किंवा ४.९९ डॉलर. एक कथानक, ज्याला 'आर्क' म्हणतात, बहुतेक वेळा चार ते सहा अंक चालतं. म्हणजे हे काम कसोटी सामन्याच्या एका सत्रावर लिहिण्यासारखं आहे. सामना कोण जिंकणार ते ठाऊक नाही, तरी त्या दोन तासांत कोणी काय केलं आणि ते बरं केलं का, एवढं नक्की सांगता येतं. परीक्षणात तेवढंच सांगायचं असतं, आणि ते पानाकडे बोट दाखवून सांगायचं असतं.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. क्रम मोडला की काय होतं, ते जागोजागी सांगितलं आहे. नमुन्यासाठी मुख्यतः एकच अंक घेतला आहे: २०११ साली सुरू झालेल्या 'बॅटमॅन' मालिकेचा पाचवा. त्याचा शेवट पुढे उघड केलेला आहे. वाचायचा राहिला असेल तर आधी तो वाचून या.

## टप्पा १: अंक नेमका कोणता, ते पक्कं करा

'बॅटमॅनचा पाचवा अंक' म्हटलं की कुठला समजायचा? याच नावाची मालिका १९४० मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये पुन्हा एक क्रमांकापासून निघाली, २०१६ मध्ये परत, आणि २०२५ मध्ये आणखी एकदा. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चं तर विचारूच नका: १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२, २०२५, प्रत्येक वेळी नवा पहिला अंक. भरीला त्याचा प्रकाशक मार्व्हल नव्या क्रमांकाशेजारी सुरुवातीपासूनचा एकूण क्रमांकही छापतं. म्हणून मालिकेच्या नावापुढे ती सुरू झाल्याचं वर्ष लिहायची सवय लावून घ्या. तेवढं केलं नाही तर वाचक भलताच अंक शोधत बसतो.

एका चिठ्ठीवर एवढं उतरवा:

- मालिका, तिचं सुरुवातीचं वर्ष, अंक क्रमांक
- विक्रीला आल्याची तारीख
- आर्कचा कितवा भाग
- श्रेयनामावली, आहे तशी
- गोष्टीची पानं आणि किंमत

तारखेत हमखास घोळ होतो. अंकावर छापलेला महिना विक्रीच्या महिन्यापेक्षा पुढचा असतो. आपला नमुन्याचा अंक दुकानात आला जानेवारी २०१२ मध्ये, त्यावर महिना छापला आहे मार्च. लिहायची ती विक्रीची तारीख.

श्रेयनामावली घाईत उतरवू नका, पुढचं अर्धं परीक्षण तिच्यावर उभं राहतं. या अंकात लेखन स्कॉट स्नायडर, पेन्सिल (म्हणजे मूळ रेखाटन) ग्रेग कॅपुलो, शाई (त्यावर गिरवलेली पक्की रेषा) जोनाथन ग्लेपियन, रंग एफसीओ प्लासेन्सिया. मार्व्हलच्या 'हॉकआय' मालिकेच्या २०१३ मधल्या अकराव्या अंकात पेन्सिल आणि शाई अशी फोड नाही. चित्रं डेव्हिड आहा, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ, अक्षरं ख्रिस इलिओपोलस आणि लेखन मॅट फ्रॅक्शन. म्हणजे तिथे रेषेबद्दल जे म्हणाल ते एकाच माणसाच्या खात्यावर जाईल. बॅटमॅनमध्ये ते दोघांत वाटलं जाईल.

सावधान: पेन्सिलपुढे दोन नावं दिसली तर कोणाची पानं कुठली ते शोधा. मुदत गाठायला मधली चार-सहा पानं दुसऱ्याने काढणं या धंद्यात नित्याचं आहे. न शोधता 'मध्येच चित्रांचा दर्जा घसरला' असं लिहिलंत तर एकाचं खापर दुसऱ्याच्या माथी फुटतं.

## टप्पा २: मागचं किती वाचायचं

नवे लिहिणारे इथे दोन टोकांना जातात. एक म्हणतो, सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास वाचल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, आणि मग उघडतच नाही. दुसरा आर्कचा चौथा भाग थेट उचलतो आणि 'पात्रांची ओळखच करून दिलेली नाही' अशी तक्रार करतो.

मधला नियम साधा आहे. चालू आर्क पहिल्या भागापासून वाचा, त्यात सूट नाही. सध्याच्या लेखकाने त्याआधी याच मालिकेत आर्क लिहिला असेल तर तोही वाचलेला बरा. त्यामागचं काही वाचलंच पाहिजे असं नाही. अंकात जुना संदर्भ आला आणि तो कळल्यावाचून गोष्ट अडली, तर तो अंकाचा दोष म्हणून नोंदवा. संदर्भ कळला नाही तरी गोष्ट पुढे गेली, तर तक्रारीला जागा नाही.

एक गोष्ट मात्र तपासा: हा अंक एखाद्या मोठ्या 'इव्हेंट'ला, म्हणजे अनेक मालिकांतून एकत्र चालणाऱ्या गोष्टीला, जोडलेला आहे का? मुखपृष्ठावर दुसऱ्याच मालिकेचं बोधचिन्ह असेल तर समजा की आहे. अशा वेळी लेखकाचे हात अर्धे बांधलेले असतात. त्याला स्वतःची गोष्ट थांबवून प्रकाशकाची गोष्ट पुढे न्यायची असते. हे वाचकाला सांगा. माफ करायचं की नाही ते नंतर ठरवता येईल.

या टप्प्यावर काय वाचायचं नाही तेही ठरवून टाका. इतरांची परीक्षणं नकोत. आणि प्रकाशकाने दुकानदारांच्या मागणीसाठी सुमारे तीन महिने आधी जाहीर केलेला मजकूरही नको. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो. त्यातलं 'सगळं बदलून टाकणारा अंक' हे वाक्य डोक्यात ठेवून वाचलंत, तर काहीच बदललं नाही म्हणून चिडाल आणि राग काढाल अंकावर. मुखपृष्ठाचंही तसंच. वर दाखवलेली मारामारी आत नसणं यात नवल काही नाही.

## टप्पा ३: पूर्ण पान दिसेल अशा जागी वाचा

फोनवर एकेक चौकट मोठी होऊन समोर येते, ती सोय वाचायला छान आहे. परीक्षणासाठी ती बंद करा. चौकट पानावर कुठे आहे, केवढी आहे, शेजारी काय आहे, यातच चित्रकाराचं निम्मं काम असतं, आणि ती सोय नेमकं तेच खाऊन टाकते. दोन पानांवर पसरलेलं चित्र फोनवर टपाल तिकिटाएवढं दिसतं. त्याला 'निष्प्रभ' म्हणणं अन्याय आहे.

बॅटमॅनचा पाचवा अंक तर यासाठीच कसोटी आहे. त्यात बॅटमॅन गॉथमखालच्या भूलभुलैयात अडकलेला आहे आणि त्याचं भान सुटत चाललं आहे. ते सुटतं तशी पानं आधी आडवी होतात, मग पूर्ण उलटी. अंक हातात धरून फिरवावा लागतो. टॅबलेटवर ऑटो-रोटेट चालू असेल तर तुम्ही फिरवाल तसं पानही फिरून परत सरळ उभं राहील आणि सगळा खेळ फुकट. ते आधी बंद करा.

पायरसीच्या स्कॅनवरून परीक्षण लिहू नका. चोरी ती चोरी, हे एक. शिवाय त्यात पानं मागेपुढे झालेली असतात, रंग उडालेले असतात आणि श्रेयाचं पान कधी कधी गायबच असतं. नवा अंक परवडत नसेल तर थोडा जुना घ्या. मार्व्हलच्या वर्गणीवर वाचायच्या सेवेत नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. तीन महिने उशिरा आलेलं नीट परीक्षण त्याच रात्री पाडलेल्या परीक्षणापेक्षा केव्हाही चांगलं.

तपासा: पूर्ण पान दिसतंय, अक्षरं झूम न करता वाचता येतायत, दोन पानांचं चित्र एकत्र दिसतंय. तिन्ही जमलं तरच पुढे.

## टप्पा ४: पहिलं वाचन, हातात पेन नको

एका बैठकीत, न थांबता. वीस पानांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्ये टिपणं काढू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका. कॉमिकची लय पान उलटण्याच्या वेगात असते आणि टिपणं काढणारा हात ती मोडतो.

अंक मिटल्याबरोबर, पुन्हा न उघडता, तीन प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा. कुठे आपोआप थांबलो? कुठे कोण काय करतंय ते कळलं नाही? शेवटच्या पानाने काय केलं?

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनानंतर सगळंच कळायला लागतं, आणि पहिल्यांदा गोंधळलो होतो हे माणूस विसरतो. तुमचा वाचक मात्र एकदाच वाचणार आहे.

## टप्पा ५: दुसरं वाचन, पानांचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक नेमका हाच टप्पा गाळतात.

कोऱ्या कागदावर गोष्टीच्या पानांएवढ्या ओळी आखा. प्रत्येक पानासाठी चार रकाने: चौकटी किती, ठिकाण कुठलं, मजकूर किती (कमी, मध्यम, जास्त), आणि या पानावर काय बदललं. चौथ्या रकान्यात 'मारामारी झाली' असं लिहायचं नाही. मारामारीने काय बदललं ते लिहायचं. काहीच बदललं नसेल तर आडवी रेघ मारा.

तक्ता पूर्ण झाल्यावर तो लांबून बघा. सलग तीन-चार पानांवर रेघा असतील तर तिथे अंक रेंगाळलाय, किंवा मुद्दाम थांबलाय. कुठलं खरं ते शोधायला पुन्हा त्या पानांवर जा. चौकटी सहा, सहा, सहा आणि मग अचानक एकच पानभर चित्र आलं, तर त्या पानाने तेवढी जागा कमावली आहे का? निव्वळ नायकाला ऐटीत उभं करायला दिलेलं पानभर चित्र म्हणजे वीसातलं एक पान गेलं. आणि ज्या पानांवर एकेका चौकटीत चाळीस-पन्नास शब्द आहेत, तिथे लेखकाने चित्रकाराला काम करू दिलेलं नाही, असं मला तरी बहुतेक वेळा आढळलंय.

छापील अंक असेल तर आणखी एक बघा. विषम पानं उजवीकडे असतात आणि सम डावीकडे. धक्का द्यायचा तर तो सम पानावर, म्हणजे पान उलटल्यावरच दिसतो. विषम पानावर दिलेला धक्का आधीचं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. मध्ये जाहिराती घुसल्या तर हे गणित सरकतं, म्हणून छापील क्रमांकावर विसंबू नका. कागद हातात घेऊन बघा.

आता नमुन्याचा अंक. सुरुवातीला जमिनीवर पोलीस आयुक्त गॉर्डन आणि बॅटमॅनचे साथीदार त्याची वाट बघतायत. मग आपण खाली जातो आणि खालीच राहतो. चौथ्या रकान्यात घटना म्हणून फारसं काही येत नाही. नायक भटकतो, पाणी पितो, त्याला नको ते दिसू लागतं. सगळा बदल पहिल्या रकान्यात आणि पानाच्या दिशेत आहे. पान आडवं झालं की चौकटींचा क्रम डावीकडून उजवीकडे राहत नाही. क्षणभर बोट अडखळतं: आता पुढची कुठली? त्या क्षणाला बॅटमॅनची जी स्थिती आहे तीच वाचकाची होते. आणि शेवटी टॅलन, म्हणजे त्याच्या मागावर असलेला मारेकरी, मागून वार करतो.

हा तक्ता नसता तर परीक्षणात एवढंच आलं असतं: 'या अंकात विशेष काही घडत नाही, पण शेवट जबरदस्त.'

नेहमीची चूक: न कळलेल्या पानाला छपाईची चूक समजणं. फिरलेली, उलटी, कोरी, काळीभोर पानं बहुतेक वेळा मुद्दाम असतात. शंका आली तर दुसरी प्रत बघा.

## टप्पा ६: चित्रांचे हात वेगळे करा

'चित्रं अप्रतिम' हे वाक्य लिहायची बंदी घालून घ्या. 'डोळ्यांचं पारणं फिटतं' हेही त्याच यादीत. त्याऐवजी एकेका हाताला वेगळा प्रश्न विचारा.

पेन्सिलला: कोण कुठे उभं आहे ते कळतं का? याची परीक्षा सोपी आहे. बोटांनी संवादफुगे झाका आणि पान नुसतं बघा. राग कोणाला आलाय, दार कोणत्या बाजूला आहे, कोण कोणाकडे बघतंय, हे फुग्यांशिवाय समजलं तर चित्रकाराने गोष्ट सांगितली. नुसते स्नायू छान काढले असतील आणि हे समजत नसेल, तर त्याने पोस्टर काढलं.

शाईला: रेषेचं वजन बदलतं का? जवळची आकृती जाड रेषेत आणि मागची बारीक, एवढ्यानेही खोली येते. काळ्याचे मोठे तुकडे कुठे ठेवलेत? नजर तिकडेच जाते.

रंगाला: प्रसंग बदलला की रंग बदलतो का, आणि उजेड कुठून येतोय ते पटतं का? रात्रीच्या पानांवर सगळं निळं-जांभळं करून माणसं एकमेकांत मिसळून गेली असतील तर लिहा.

अक्षरांना: इथे थोडं थांबतो, कारण अक्षरांबद्दल कोणी लिहीतच नाही. फुगे कोणत्या क्रमाने वाचायचे ते अडखळल्याशिवाय कळलं पाहिजे. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे गेली पाहिजे. ही झाली किमान अपेक्षा. पण कधी कधी अख्खा अंक अक्षरांवर फिरतो. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १९७३ मधल्या १२१ व्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन पुलावरून कोसळते आणि स्पायडर-मॅन जाळं फेकून तिला अडवतो. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक 'स्नॅप' आहे. स्पायडर-मॅनला ते कळलेलंच नाही, तो आपल्या कामगिरीवर खूश आहे. घाईघाईत वाचणाऱ्याच्याही ते नजरेतून सुटतं. त्या अंकाचं शीर्षकसुद्धा पहिल्या पानावर नाही, शेवटच्या पानावर आहे. आधी छापलं असतं तर सगळंच फुटलं असतं. असल्या गोष्टी टिपायलाच दुसरं वाचन हवं.

'हॉकआय'चा अकरावा अंक याच्या पलीकडे जातो. गोष्ट एका कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात, पण फुग्यांत त्याला ओळखीचे तेवढेच शब्द वाचता येतात, बाकी गिचमिड. माणसं आणि जागा त्याला वासाने कळतात, आणि ते वास छोट्या चिन्हांच्या नकाशांतून दाखवलेत. २०१४ साली उत्कृष्ट सुट्या अंकाचा आयस्नर पुरस्कार (कॉमिकसाठीचा अमेरिकी पुरस्कार) याला मिळाला. अशा अंकाचा नुसता सारांश द्यायला बसलात तर हाती काय लागेल? कुत्रा इमारतीत हिंडला, एवढंच.

सावधान: कल्पना कोणाची होती ते तुम्हाला ठाऊक नसतं. पान उलटं करायचं लेखकाने संहितेत लिहिलं होतं की चित्रकाराला सुचलं? मुलाखतीत त्यांनी सांगितलेलं तुम्ही स्वतः वाचलं असेल तर नाव घ्या, नाही तर 'या अंकात' किंवा 'या पानावर' म्हणा. जुन्या मार्व्हल अंकांबाबत तर आणखी जपून. तिथे अनेकदा लेखक फक्त कथानक द्यायचा, चौकटींची मांडणी चित्रकार करायचा आणि संवाद मागाहून भरले जायचे. 'लेखकाने हा प्रसंग किती संयमाने मांडलाय' असं लिहाल आणि तो संयम चित्रकाराचा निघेल.

## टप्पा ७: अंकाला काय काम दिलं होतं ते ठरवा

मत बनवायची वेळ आता आली, आधी नाही. पहिल्याच वाचनानंतर मत ठरवणारे पुढचे सगळे टप्पे त्या मताला पुरावे गोळा करण्यात घालवतात.

स्वतःला विचारा: आर्कमध्ये या अंकाचं काम काय? पाया घालायचा होता? कोंडी वाढवायची होती? कळस गाठायचा होता? कळसानंतर पडझड आवरायची होती? की दोन आर्कमधला सुटा, मोकळा अंक आहे? पायाच्या अंकात कळस नाही ही तक्रार होऊ शकत नाही. पायाच्या अंकात मला पुढच्या धोक्याची भीतीच वाटली नाही, ही होऊ शकते.

बॅटमॅनचा पाचवा अंक त्या आर्कच्या मध्यावर येतो. आपलं शहर आपल्याइतकं कोणालाच ठाऊक नाही हा नायकाचा विश्वास मोडणं, हे त्याचं काम. ते त्याने केलं, आणि मजकुरापेक्षा पानाच्या रचनेतून केलं. म्हणून मी त्याला वरच्या पायरीवर ठेवतो. तरी हरकत घ्यायला जागा आहे. एकदा पान फिरवण्याची युक्ती लक्षात आली की दुसऱ्यांदा वाचताना तिचा जोर कमी होतो, आणि तोल सुटण्याचा अनुभव हात फिरवण्याच्या कसरतीत थोडा विरतो. दोन्ही वाक्यं परीक्षणात शेजारी-शेजारी राहू शकतात. एकीने दुसरीला खोडायची गरज नाही.

## टप्पा ८: लिहायला बसा

सातशे शब्दांचं परीक्षण धरलं तर माझी वाटणी अशी असते: पहिल्या परिच्छेदात निवाडा, मग शंभर-सव्वाशे शब्दांत गोष्ट, बाकी सगळी जागा कथन आणि चित्रं यांना. चित्रांची जागा कथनापेक्षा कमी नको. शेवटी कोणी घ्यावा आणि कोणी आर्क पुस्तकरूपात येईपर्यंत थांबावं, ते दोन ओळींत.

गोष्ट सांगताना अंकाच्या अर्ध्यापर्यंतच या. शेवटचं पान कधीही उघड करू नका. त्याशिवाय मुद्दाच मांडता येत नसेल तर ठळक सूचना देऊन वेगळ्या परिच्छेदात टाका. शेवटच्या पानाबद्दल 'ते कोणालाही अपेक्षित नसेल' असं लिहिणं म्हणजेही रहस्य अर्धं फोडणंच. लोक अपेक्षा करायला लागतात.

वाक्यं तपासायची युक्ती: हेच वाक्य दुसऱ्या एखाद्या अंकाच्या परीक्षणात जसंच्या तसं चिकटवता येईल का? येत असेल तर काढा.

*काढायचं:* संवाद खुसखुशीत आणि कथानक वेगवान आहे.

*ठेवायचं:* शेवटची सहा पानं जवळजवळ निःशब्द आहेत, आणि आधीच्या चौदा पानांच्या बडबडीनंतर ती शांतता अंगावर येते.

दुसऱ्या वाक्यातला आकडा आला कुठून? तक्त्यातून. तिसऱ्या रकान्यातून थेट.

भाषेबद्दल एकच. पॅनलला चौकट म्हणा की पॅनल, शाईवाल्याला इंकर म्हणा की आणखी काही, पण जे म्हणाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. नावांच्या देवनागरी लेखनाचंही तसंच.

## टप्पा ९: तारे द्यायचेच असतील तर

लिहून झाल्यावर द्या. आधी तारे ठरवले की परीक्षण त्यांचा वकील बनतं.

पाचपैकी तीन म्हणजे 'ठीक, पैसे वसूल' असं मानलंत तर साडेतीन आणि चारला काही अर्थ उरतो. दर अंकाला चार देणाऱ्याच्या ताऱ्यांकडे वाचक बघणंच सोडून देतात. तुलना याच मालिकेच्या मागच्या अंकांशी करा. किंमतही जमेत धरा: ४.९९ डॉलर म्हणजे आपल्याकडे चारशे रुपयांपेक्षा जास्त, आणि तेवढ्यात पंधरा मिनिटांत संपणारा अंक मिळत असेल तर वाचकाला ते कळायला हवं. आणि नायक लाडका आहे म्हणून अर्धा तारा वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कागदावर नायकाच्या जागी दुसरं नाव घालून बघा, तरी अर्धा तारा टिकतोय का.

## टप्पा १०: प्रसिद्ध करण्यापूर्वी

एक रात्र जाऊ द्या. सकाळी अंक शेजारी उघडून परीक्षणातला प्रत्येक पानाचा उल्लेख ताडून बघा. आठवणीतून लिहिलेलं पान हमखास चुकतं.

चित्रं द्यायची असतील तर ज्यांच्याबद्दल लिहिलंय तेवढ्याच दोन-तीन चौकटी द्या, खाली सगळ्यांची नावं. आपल्या कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी रास्त वापराला मुभा देतं. सलग आठ-दहा पानं चिकटवणं रास्त वापरात बसवणं अवघड जाईल. शेवटच्या पानातली चौकट लेखाच्या वरच्या चित्रात तर चुकूनही नको. मजकुरात जपलेलं रहस्य तिथे फुकट जातं. अंक प्रकाशकाकडून आगाऊ किंवा भेट मिळाला असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगा.

राहता राहिला पुढचा अंक. महिन्याभराने तो येतो आणि तुम्ही ज्याला ढिसाळपणा म्हणालात ती पेरणी होती असं निघतं, किंवा ज्याला पेरणी म्हणालात ती लेखक साफ विसरून जातो. जुन्या परीक्षणात हात घालू नका. ते त्या महिन्यात, त्या वीस पानांवर दिलेलं मत होतं. मत कुठे बदललं ते नव्या परीक्षणात लिहा आणि जुन्याचा उल्लेख करा.